पाणथळीवरील लाकडी पादपूल : एक पाठ

महाविद्यालयाच्या आवारात वसतिगृह एका अंगास व वर्ग दुसऱ्या अंगास आहेत. मध्ये पाणथळ जागा आहे. तीवरून पायी जाण्यासाठी लाकडी पूल योजावयाचा आहे. हा प्रश्न इयत्ता सातवीच्या मुलांपुढे मांडावा. कोकणातील मुलांस साकव परिचित असतो. इतरत्र फळ्यावर आकृती काढावी.

बहुतेक मुले प्रथम कमानदार पूल काढतील. त्यांना केंब्रिज येथील क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाची हकीकत सांगावी. विल्यम एथरिज याच्या आराखड्यानुसार जेम्स एसेक्स याने १७४९ साली तो कॅम नदीवर बांधला. लाकडे सारी सरळ, तरी घाट कमानीचा. १९०५ साली तो त्याच घाटावर सागवानात पुन्हा उभारण्यात आला. (हा पूल न्यूटनने बांधला अशी आख्यायिका आहे, परंतु न्यूटन १७२७ सालीच निवर्तला. ही वजाबाकी मुलांकडूनच करवावी.) कमान मात्र आपल्या दोन्ही टोकांना बाहेर रेटते. भक्कम काठ तो रेटा सोसतो, चिखल सरकतो. म्हणून पाणथळीवर जवळजवळ खांब रोवून त्यांवर सरळ तुळया टाकणेच इष्ट. भराव घालू नये. त्याने पाण्याची वाट अडते व पाणथळच नाहीशी होते.

तुळई कशी ठेवावी हे दाखविण्यास लाकडी फूटपट्टी पुरे. ती दोन पुस्तकांवर प्रथम आडवी ठेवून व नंतर कडेवर उभी धरून मध्यभागी बोटाने दाबावी. १० सें.मी. रुंद व २० सें.मी. उंच तुळई तीच आडवी टाकली तर तिचे बळ निम्मे होते आणि ती चौपट वाकते. दोन आधारांतील अंतर दुप्पट केले, तर मध्यावरील त्याच वजनाने वाक आठपट होतो. तुळईचा तळ ताणला जातो. म्हणून गाठ असलेली बाजू खाली येऊ देऊ नये.

एका वेळी एकच माणूस चालेल असे धरणे हा घातक दोष होय. तास सुटला की झुंबड उडते! दर चौरस मीटरला ५०० किलोग्रॅम भार धरावा. पूल दीड मीटर रुंद व आधारांतील अंतर तीन मीटर असेल, तर दोन तुळयांवर मिळून किती भार येईल? उत्तर २,२५० किलोग्रॅम. बगळा दिसताच सारे एकाच कठड्याशी धावतात, हेही हिशेबात असावे.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा दोन्ही लागतात. सदैव पाण्याखाली राहणारा भाग म्हणूनच टिकतो. जेथे पाणी चढते-उतरते तेथे खांब प्रथम कुजतो. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळते व खालच्या वनस्पतींस थोडा उजेडही मिळतो.

गावच्या ओढ्यावर साकव असल्यास पावसाळा सरताच शिक्षकांनी स्वतः पाणरेषेशी खांबात दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले, तर मुलांची त्यावरून ये-जा थांबवून ग्रामपंचायतीस त्याच दिवशी लेखी कळवावे.