तगड्या पायाची धास्ती

नडगीची हाडं जोडता जोडता केस पांढरे झाले. हाड आज ना उद्या जुळतं. पहिल्या दीड-दोन दिवसांत पोटरीच्या आत काय शिजतंय, त्यानं मात्र अजून झोप उडते. कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात त्याला.

१. तगडा गडी म्हणजे काळजी कमी, हा माझा जुना गैरसमज. पोटरीचे स्नायू चार कप्प्यांत, न ताणणाऱ्या पडद्यात बांधलेले असतात. तरुणाचा कप्पा म्हणजे गच्च भरलेलं पोतं. हाड मोडून रक्त साकळलं, सूज आली की ती मावायची कुठं? म्हाताऱ्यांचे स्नायू वाळलेले, त्यांच्या पोत्यात जरा तरी जागा असते. एडिंबराच्या डॉक्टरांनी २००० साली १६४ रुग्णांचा अभ्यास छापला. सर्वांत मोठं कारण नडगीचं फ्रॅक्चर आणि पुरुषांत प्रमाण बायकांच्या दहापट. आणि मी? सत्तरीच्या आजींच्या खाटेशी तीनदा जायचो, शेजारच्या बावीस वर्षांच्या कबड्डीपटूला ‘खेळाडू ना रे तू?’ म्हणून पुढं सरकायचो.

२. अपघात केवढा, यावर जाऊ नये. या पोराला ट्रकनं उडवलं नव्हतं. पकडीत पाय अडकला, एवढंच.

३. जखम उघडी असली की दाब आपसूक मोकळा होतो, असं मी शिकाऊ मुलांना ठणकावून सांगितलेलं आहे. त्यांची माफी मागायची राहिली. कातडी फाटली म्हणून चारही कप्पे उघडत नाहीत.

४. नाडीनं मला फसवलं. पावलावर ती छान लागत होती, मी तसं लिहिलं आणि झोपलो. नाडी जाते ती फार उशिरा, तोवर स्नायू मेलेले असतात. आधी बोलतं ते दुखणं. रात्री तीन इंजेक्शनं झाली तरी पोरगा कण्हतच होता, आणि ‘नाटकी आहे’ हे शब्द माझेच. वॉर्डातले मामा पहाटे दोनला दार वाजवत आले, ‘साहेब, अंगठा नुसता खाली वाकवला तरी गुरासारखा ओरडतोय.’ मामा औषध मागायला नव्हे, निदान घेऊन आले होते.

५. हाडवैद्यांच्या करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या रात्री कापलं ते माझं स्वतःचं प्लास्टर होतं, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. पाय दोन उशांवर चढवलेला होता, तो हृदयाच्या पातळीला आणला. उंच ठेवला की आधीच अडलेलं रक्त आणखी कमी पोचतं. तरी दुखणं हटेना. मग पडदे चिरून चारही कप्पे मोकळे केले. पुढचा कप्पा उघडला तेव्हा स्नायू लाल नव्हता, काळसर होता.

६. कंबरेतून भूल दिलेला माणूस, बेशुद्ध माणूस, लहान मूल: यांचं दुखणं आपल्यापर्यंत पोचतच नाही. मूल किरकिरं झालं, वेदनाशामकाची मागणी वाढली, की मी आता खुर्ची ओढून बसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारतो.

तो पोरगा अजून तपासायला येतो. मी अंगठा वर उचलायला सांगतो. नखभर हलतो. ‘चालतंय की डॉक्टर,’ म्हणतो आणि मलाच चहा पाजायला नेतो.