दूरचित्रवाणी-नाट्यातील प्रेम आणि पात्रांची जडणघडण

भिलाई हे नाव घेताच पोलादाच्या भट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून तेथील कारखाना उभारण्यात आला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नाना प्रांतांतून आलेल्या माणसांचे एक नगर वसले. या नगराचा नाट्यकलेशीही निकटचा संबंध आहे. हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाचे प्रारंभिक रूप १९७४ साली भिलाई येथील शिबिरात सिद्ध झाले. पुढे दूरचित्रवाणी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळविणारे दिग्दर्शक अनुराग बसू हेही याच नगरातले. प्रेमकथा प्रेक्षकाला खरी केव्हा वाटते, या प्रश्नाचा विचार या दोन कलाकृतींच्या आधारे करता येईल.

प्रथम ‘चरणदास चोर’ घेऊ. चरणदास हा चोर असला तरी गुरूपुढे त्याने काही प्रतिज्ञा केल्या आहेत. सोन्याच्या थाळीत जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, या त्यांपैकी चार. त्या घेताना तो थट्टेच्या भरात असतो, कारण असे प्रसंग आपल्यावर कधी येतील हे त्याच्या स्वप्नातही नसते. पाचवी प्रतिज्ञा गुरूने घ्यायला लावलेली, खोटे न बोलण्याची. कालांतराने राणी खरोखरच त्याच्याशी विवाह करू इच्छिते. तो नकार देतो, ही गोष्ट गुप्त ठेवण्याचेही नाकारतो आणि प्राणास मुकतो. येथे राणीचे आकर्षण आणि चोराचा नकार हे दोन्ही एकाच गुणातून उगवले आहेत. ज्या सचोटीमुळे तो तिला हवासा वाटतो, तीच सचोटी त्याला तिचा होऊ देत नाही. पात्राचा स्वभाव आधी पक्का झालेला असला, म्हणजे प्रेमप्रसंगासाठी लेखकाला योगायोगाची फारशी मदत घ्यावी लागत नाही, हा या नाटकाचा पहिला धडा होय.

दूरचित्रवाणीचा पडदा लहान असतो. रंगमंचावर दुरून दिसणारे हावभाव तेथे भडक वाटतात, आणि डोळ्यांची क्षणभराची हालचालही अर्थपूर्ण ठरते. या माध्यमाचा लाभ अनुराग बसू यांनी रवींद्रनाथांच्या कथांवर केलेल्या २०१५ सालच्या हिंदी मालिकेत घेतला. तिच्या आरंभीच्या भागांत ‘चोखेर बाली’ ही कादंबरी आली असून, पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरही काम केलेल्या राधिका आपटे यांनी त्यात बिनोदिनीची भूमिका केली.

१९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील बिनोदिनी ही सुशिक्षित तरुण विधवा. महेंद्राने तिला न पाहताच नाकारलेले असते. त्याने वरलेली आशा साधीभोळी व अल्पशिक्षित आहे. बिनोदिनी त्यांच्या घरी येते, आशेची मैत्रीण बनते आणि आशेच्या वतीने महेंद्राला पत्रे लिहून देते. या पत्रांत नाव आशेचे आणि मन बिनोदिनीचे असते. प्रेमाची कबुली कोठेही न देता लेखकाने तिची असूया, बुद्धी आणि एकाकीपणा एकाच कृतीतून दाखविला आहे. तिच्या हातात लेखणी आहे. मात्र जिच्या नावाने लिहावे ते आयुष्य तिचे नाही.

पुढे दमदमच्या बागेतील सहलीत ती बिहारीला आपल्या बालपणाच्या आठवणी सांगते. तोवर तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्या बिहारीला तिचे निराळे रूप दिसते. हे प्रेम सौंदर्यातून सुरू होत नाही. एका माणसाने दुसऱ्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकल्यामुळे ते सुरू होते. महेंद्राला बिनोदिनी हवी असते, बिहारीला ती कळू लागते. हा भेद ध्यानात आला की प्रेक्षकाला कोणाच्या प्रेमावर विश्वास ठेवावा हे सांगावे लागत नाही.

अखेरीस बिहारी विवाहाची मागणी घालतो आणि बिनोदिनी नकार देऊन काशीला जाते. हा शेवट पुढे स्वतः रवींद्रनाथांनाही खटकला. त्यामागील अडचण समजून घेण्यासारखी आहे. इतकी स्वतंत्र बुद्धीची स्त्री जेव्हा नाही म्हणते, तेव्हा तो तिचा स्वतःचा निर्णय आहे, की विधवेच्या सुखाला भिणाऱ्या समाजाचा निर्णय तिच्या तोंडी घातला आहे? चरणदासच्या नकाराविषयी असा संशय येत नाही, कारण त्याची पायाभरणी पहिल्या प्रवेशापासून झालेली आहे.

यावरून अभ्यासकाला एक कसोटी मिळते. पात्राने दिलेला होकार वा नकार कथेतून बाजूला काढावा आणि त्याआधीच्या प्रसंगांत त्याचे बीज सापडते का ते पाहावे. सापडले तर शेवट सुखाचा असो वा दुःखाचा, तो पटतो. न सापडल्यास संगीत, अश्रू व पाऊस यांनी ती उणीव भरून निघत नाही. दूरचित्रवाणी-मालिका घरोघरी, अनेक पिढ्यांसमोर पाहिल्या जातात. जेथे स्त्रीचा नकार हा केवळ होकाराचा लांबलेला आरंभ म्हणून रंगविला जातो, तेथे कथेचा तोल तर ढळतोच, शिवाय पाहणाऱ्याच्या मनातही एक खोटे गृहीत रुजते. म्हणून प्रेम विश्वसनीय करणे हा लेखकाच्या कौशल्याइतकाच त्याच्या जबाबदारीचाही प्रश्न आहे.