वाचकांचे प्रश्न : आधी जागेचा कागद, मग खुर्च्या

प्रश्न : दोंडाईचा येथील एक वाचक पुण्याच्या कंपनीचे काम घरून करतात. बाजारपेठेतील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वीस खुर्च्यांचे को-वर्किंग, म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांना टेबल, वीज आणि इंटरनेट मासिक शुल्कावर देणारे सामायिक कार्यालय, सुरू करण्याचे त्यांनी ठरवले आहे. इमारत वडिलांच्या जुन्या स्नेह्यांची असून ते अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे करून देण्यास तयार आहेत. पार्टिशन, वायरिंग, फर्निचर आणि इन्व्हर्टरसाठी वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून सहा लाख रुपये घालायचे आहेत. पहिले सभासद कसे मिळवावेत आणि वर्षाचे शुल्क आगाऊ भरणाऱ्यास सवलत द्यावी का, अशी विचारणा त्यांनी केली आहे.

उत्तर : दोन्ही प्रश्न सभासदांविषयी असले, तरी पत्रातील काळजी निवृत्तीच्या रकमेची आहे, आणि त्या रकमेला रिकाम्या खुर्च्यांपेक्षा मोठा धोका नोटरीच्या कागदाचा आहे. खुर्च्या विकता येतात किंवा दुसरीकडे नेता येतात. भिंतीत गेलेले वायरिंग आणि मापाने बसवलेली पार्टिशन जागा सुटली की तेथेच राहतात.

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा नोंदणी अधिनियम, १९०८ मुळे पडली, कारण त्याच्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे आणि नोंदणी टाळण्यासाठी लोक मुदत एक महिन्याने कमी करत आले. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ही पळवाट राज्यात बंद केली असून भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. यावरून नोंदणी न होणे भाडेकरूच्याच फायद्याचे असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घातक आहे, कारण हा फायदा न्यायालयात वर्षे घालवल्यावर पदरात पडतो आणि तोपर्यंत एकही सभासद वादातल्या जागेत बसत नाही. नोटरी केवळ सह्या झाल्याचे प्रमाणित करतो. त्याच्या शिक्क्याने करार नोंदणीकृत होत नाही.

मात्र नोंदणी झाली म्हणजे सर्व काही साधले असे नाही, आणि माणसे अडकतात ती नेमकी येथे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती, अर्थात दुसऱ्याची जागा वापरण्याची नुसती परवानगी. तिच्यामुळे जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ५६ सांगते की, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर ही परवानगी दुसऱ्याला देता येत नाही, किंबहुना परवानाधारकाच्या नोकरांना किंवा प्रतिनिधींनाही ती वापरता येत नाही. कलम ५९ नुसार मालकाने इमारत विकली तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. ज्या व्यवसायाचे सारे स्वरूपच घेतलेली जागा इतरांना वापरू देणे हे आहे, तो अशा कोऱ्या परवानगीवर उभा करणे म्हणजे पहिल्या दिवसापासून कराराचा भंग करणे होय. भाडेकरू म्हणून जागा घेतली तरी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ नुसार, करारात मुभा नसल्यास, पोटभाड्याने किंवा परवान्यावर जागा देणे बेकायदेशीर ठरते आणि तेवढ्या कारणावरून भाडेकरूला बाहेर काढता येते.

जुन्या स्नेह्यांच्या शब्दावर संशय घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे. बाजारपेठेतील जुन्या इमारती बहुधा वडिलोपार्जित असतात, मिळकत पत्रिकेवर भाऊ, बहिणी आणि पुतणे यांची नावे असतात, आणि को-वर्किंग चालू लागले की भाडे कमी ठरले असे त्यांपैकी कोणाला तरी वाटू लागते. म्हणून पत्रिकेची प्रत आधी काढावी आणि तिच्यावरील प्रत्येक जिवंत सहमालकाची सही किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्यावे. मृतांच्या वारसांची नोंद राहिली असेल तर ती होईपर्यंत थांबावे. करार किमान तीन वर्षांचा असावा, त्या काळात मालकाला तो मोडता येऊ नये, वाचकाला मात्र दोन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता यावे. सभासदांना शुल्क घेऊन बसवण्याची स्पष्ट परवानगी, आणि इमारत विकल्यास किंवा मुदतीपूर्वी जागा घेतल्यास झालेल्या खर्चाची ठरावीक दराने भरपाई, ही कलमे करारात शब्दशः असावीत. भाडेपट्टा केला तर तो नव्या मालकावरही बंधनकारक राहतो, पण त्याचे मुद्रांक शुल्क बरेच अधिक पडते आणि भाडेकरू पुढे उठणार नाही या भीतीने मालक सहसा तयार होत नाहीत.

वाचकाला बाहेर पडण्याची ही मुभा हवीच, कारण दीर्घ मुदतीचे ओझे केवळ स्वतःवर घेणे हीदेखील चूक आहे. अमेरिकेतील वीवर्क कंपनीने इमारती वर्षानुवर्षांच्या भाड्याने घेतल्या आणि सभासदांशी महिन्यामहिन्याचे करार केले; सभासद घटले, भाडे घटले नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

लायसन्स आणि भाडेपट्टा यांतील फरकाचा सापळा सभासदांच्या बाजूनेही लागतो. एखाद्या कंपनीला स्वतंत्र केबिन, तिचे कुलूप आणि किल्ली दिली, तर कागदावर लायसन्स लिहिलेले असूनही तो भाडेपट्टा ठरू शकतो, कारण १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दस्ताच्या नावापेक्षा पक्षांचा हेतू आणि जागेवरील एकहाती ताबा महत्त्वाचा मानला. म्हणून किल्ली वाचकाकडेच राहावी, सभासदाची खुर्ची बदलण्याचा हक्क लेखी असावा आणि रकमेला पावतीवर भाडे न म्हणता सेवाशुल्क म्हणावे.

वीजमीटर घरगुती असल्यास आधी व्यावसायिक करून घ्यावा. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते.

आता सभासद. समजा भाडे, वीज, इंटरनेट आणि सफाई मिळून महिन्याला ३०,००० रुपये लागतात आणि खुर्चीमागे २,००० रुपये मिळतात. तर पंधरा खुर्च्या भरेपर्यंत खिशातूनच पैसे जातील. म्हणून वीस खुर्च्या मांडण्यापूर्वी आठ माणसांचा लेखी होकार आणि लहानशी परत करण्याजोगी रक्कम हातात असावी. अशी माणसे जाहिरातीने येत नाहीत, ती जाऊन भेटावी लागतात : पुणे-मुंबईच्या कंपन्यांचे काम गावी राहून करणारे, करसल्लागार, विमा प्रतिनिधी, आणि शिंदखेडा-शहादा-शिरपूर पट्ट्यात फिरणारे बियाणे व खत कंपन्यांचे कर्मचारी, ज्यांना बसायला ठिकाण नसते. महिन्याला पैसे भरून खुर्ची घेण्याची सवय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी अशा गावांत आधीच लावली आहे. मात्र कार्यालयात फोनवर बोलावे लागते, त्यामुळे अभ्यासिका आणि को-वर्किंग एकाच हॉलमध्ये चालवू नये. वीज गेल्यावरही इंटरनेट सुरू राहणे ही एकच गोष्ट घरून काम करणाऱ्याला घराबाहेर आणेल, तेव्हा पैसा फॉल्स सीलिंगऐवजी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या इंटरनेट जोडणीवर खर्च करावा.

वर्षाचे शुल्क आगाऊ घेऊ नये. ते उत्पन्न नसून कर्ज आहे. केवळ पत्ता वापरू देण्याचा, म्हणजे आभासी कार्यालयाचा, व्यवसाय अनोळखी माणसांशी मुळीच करू नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही, आणि ऐच्छिक नोंदणी घेतल्यास १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या भाड्यावरचा १८ टक्के करही वाचकालाच भरावा लागेल, जरी त्याची वजावट पुढे मिळत असली. मोठा सभासद जीएसटीचे बिल मागेपर्यंत ती घेण्याची घाई नको.

स्नेही नोंदणीकृत करारास किंवा सहमालकांच्या सह्यांस तयार नसतील, तर भाडे कितीही कमी असो, ती जागा घेऊ नये आणि निवृत्तीच्या रकमेला हात लावू नये.