टेबलापलीकडून सांगते

रोजगार मेळाव्यात टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला दुपारपर्यंत सगळी पोरं सारखीच दिसायला लागतात. वाळूजच्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात तुझ्या आत्याची सगळी नोकरी झाली आणि अशा टेबलांवर मी पुष्कळ बसले आहे. म्हणून भाचेराव, मेळाव्याला जाण्याआधी एवढं ऐकून जा.

"मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, शिकायची तयारी आहे." जो तो हेच म्हणतो. आपण प्रामाणिक नाही असं सांगणारा मला अजून भेटायचाय. त्यापेक्षा हातानं केलेलं एखादं काम सांग. तू मशिनिस्टचा आयटीआय केलास ना? मग म्हण, "मिलिंगवर जॉब बसवता येतो, मायक्रोमीटरनं माप घेता येतं, ड्रॉइंग वाचता येतं. तुमच्या यादीत व्हीएमसी ऑपरेटरची जागा आहे, तिच्यासाठी आलोय." नाव-गाव धरून अर्धं मिनिट झालं. आता थांबायचं. बहुतेक पोरांना थांबणंच जमत नाही. समोरचा गप्प बसला की घाबरून शाळेतल्या निबंध स्पर्धेपर्यंत जातात.

थांबलास की समोरचा त्याच कामावर पुढचं विचारतो: जॉब कोणता होता, टॉलरन्स किती होता. केलेलं असेल तर सांगशील. उसनं असेल तर तिथंच उघडं पडशील, म्हणून न केलेलं सांगू नकोस. एखादा विषय राहिला असेल तर तेही सरळ सांग, मार्कशीट त्याच्या हातातच असते.

हे सगळं घरी मोठ्यानं बोलून बघ. क्रम पक्का कर, पण वाक्यं घोकू नकोस. घोकलेल्याला मध्येच अडवलं की गाडी बंद. मराठीत विचारलं तर मराठीतच बोल, त्यात कमीपणा नाही. मात्र साहेब परप्रांतातला निघाला तर तेवढंच अर्धं मिनिट हिंदीत आणि इंग्रजीत तयार हवं.

महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदव आणि कोणत्या कंपन्या, किती जागा ते आधीच बघ. सकाळी लवकर पोच. पहिल्यांदा अशा टेबलावर जा, जिथली नोकरी मिळाली काय नि न मिळाली काय. जीभ सुटली की मग हव्या त्या टेबलावर. तुझा बाप, माझा दादा, सोबत येणारच, त्याला बाहेर चहाला बसव. बाप शेजारी उभा असला की पोरगा बोलत नाही, बापच बोलतो.

बायोडेटा एका पानाचा. रास, उंची, मामांची गावं हे लग्नाच्या बायोडेटात. प्रती भरपूर ने, घडी न घालता. मोबाइल नंबर पुन्हा तपासून बघ आणि तो चालू ठेव. फोन लागला नाही म्हणून आम्ही पुढच्या पोराला बोलावून घेतलंय, एकदा नव्हे, अनेकदा.

शेवटी तू विचारायचं. भरती कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराकडून? शिफ्ट कशा, बस आहे का, हातात किती पडतील? अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर 1961 च्या कायद्याप्रमाणे मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर ठेवून घेतीलच असं नाही. तरीही चांगल्या कारखान्यातली अप्रेंटिसशिप मी सोडायला सांगणार नाही. पण काय घेतोयस ते समजून घे. असं विचारल्यानं कुणी चिडत नाही, उलट हा पोरगा खरंच येणार आहे असं वाटतं.

आणि एक. फॉर्मचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे, कसलेही पैसे कुणी मागितले तर एक रुपया देऊ नकोस. सरकारी मेळाव्यात उमेदवाराकडून फी घेत नाहीत. तिथून ऊठ आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्राचा जो माणूस तिथं असेल त्याच्या कानावर घाल, म्हणजे तुझ्यामागच्या रांगेतली पोरं तरी वाचतील.