ड्रिलला रिव्हेट अटॅचमेंट: बसवायचं कसं, काढायचं कसं

आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरात टेम्पोची बॉडी असो वा पत्र्याचं कपाट, पॉप रिव्हेट लागतंच. हातगन दाबून हात भरून येतात, म्हणून ड्रिलचं अटॅचमेंट घ्या. पण काम टिकतं ते भोकावर.

बसवताना: भोक रिव्हेटपेक्षा 0.1 मिमीच मोठं. म्हणजे 3.2 ला 3.3, 4 ला 4.1, 4.8 ला 4.9. दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी मोजा आणि त्या जाडीला चालणाऱ्या लांबीचंच रिव्हेट घ्या. खिळ्याला जुळणारी नोझल लावा, पत्रे घट्ट दाबा, अटॅचमेंटचा दांडा हातात धरा, स्पीड कमी ठेवा. खिळा तुटला की थांबा. ड्रिल उलटं फिरवलं की तुटका खिळा बाहेर पडतो.

काढताना: आधी मधला खिळा पंचने आत ठोका. मग रिव्हेटच्याच मापाचं बिट सावकाश चालवा. डोकं सुटलं की थांबा, उरलेलं पंचने पाडा. रिव्हेट गरगर फिरत असेल तर डोकं व्हाइस ग्रिपने धरा. गॉगल हवाच.

एकदा घाईत मी 4.8 च्या रिव्हेटला 5.5 चं बिट लावलं. महिन्याभरात पत्रा खडखडायला लागला, गिऱ्हाईक परत आलं. अख्खी बाजू पदरच्या पैशानं पुन्हा केली. योग्य मापाच्या बिटाचे पैसे वाचवायला गेलो आणि दोन दिवसांची मजुरी घालवली. म्हणून दर काढताना बिटांचा खर्च आधीच धरा.