आधी मूठ, मग दळण

नगर जिल्ह्यातल्या शाळांत ३५ वर्षं शिकवलं. घरात खाणारी तोंडं सात. पैशाबद्दल थोडं पवित्र शास्त्रातून कळलं, बरंचसं आईकडून, आणि काही ठेचा खाऊन.

१. आधी बाजूला काढायचं.
आई दळणाची बाजरी पाखडली की एक मूठ चुलीजवळच्या डब्यात टाकायची, मग दळण बांधायची. १९७२ च्या दुष्काळात घरात बाजरीऐवजी मिलो ज्वारी आली, तेव्हाही मूठ टळली नाही, लहान झाली एवढंच. रविवारी डबा मंडळीत जायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा दशांश महिनाअखेरीस काढायचो, आणि महिनाअखेरीस हाती काहीच नसायचं. मग एक तारखेलाच पाकीट वेगळं ठेवू लागलो. दशांश मूळ पगारावर की हातात पडणाऱ्या, यावर आमच्याकडे फार वाद चालतात. पौलाने करिंथकरांना टक्का सांगितला नाही. मनात ठरवा आणि खुशीने द्या, एवढंच सांगितलं. मला ते पुरतं.

२. मिळकत वाढली म्हणून राहणी वाढवायची नाही.
मेथडिस्ट चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली तरुणपणी वर्षाला ३० पौंड मिळवत, २८ मध्ये भागवत आणि २ दान करत. मिळकत ६० झाली, ९० झाली. स्वतःसाठी २८ च. पाचव्या वेतन आयोगाचा फरक हाती आला तेव्हा हे वाचलेलं डोक्यात होतं. फ्रिज घ्यायचं ठरलं होतं. बायको म्हणाली, "माठ आहे की." त्या पैशांतून पुतणीची नर्सिंगची फी भरली.

३. लग्नासाठी कर्ज काढू नये.
थोरलीच्या लग्नाला काढलं. जेवणावळ एका दिवसाची, हप्ते पाच वर्षं. त्या पाच वर्षांत दारी आलेल्या गरजू माणसाला दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं. ते अजून सलतं.

४. दानावर नाव घालू नये.
वडिलांच्या स्मरणार्थ मंदिरात पंखा दिला, पात्यांवर नाव रंगवून. पुढे कित्येक रविवार उपदेश चालू असताना माझी नजर वरच. शेवटी रंगाऱ्याला बोलावून नाव पुसून घेतलं.

५. घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही.
कापणीच्या सणाला आमच्याकडे वेदीपुढे वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. गेल्या वर्षी मजुरीवर जाणाऱ्या एका विधवा बाईने सहा अंडी आणली होती. बोली दोनशेवर गेली. घेणाऱ्याने पैसे भरले आणि अंडी परत टेबलावर ठेवली. पुन्हा बोली, पुन्हा टेबलावर. तिसऱ्या वेळी ती पाळकांच्या पत्नीने घेतली, आणि उपासना सुटल्यावर म्हणाली, "बाई, एवढी आमच्याच्यानं संपायची नाहीत. चार तुम्ही न्या, नातवंडांना होतील."