गप्पीच्या पिलांसाठी काचपेटी

डासांच्या अळ्या खाणारा म्हणून गप्पी मासा आपल्या परिचयाचा आहे. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. १८६६ साली रॉबर्ट गप्पी यांनी त्रिनिदाद बेटावरून त्याचे नमुने लंडनला पाठविले, त्यावरून हे नाव रूढ झाले. बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पीची मादी मात्र सुमारे चार आठवड्यांनी जिवंत, पोहणारी पिले प्रसवते. या पिलांचा पहिला शत्रू म्हणजे त्यांची आईच! यात क्रौर्य नाही. समोर हलणारा बारीक जीव तिला केवळ भक्ष्य वाटतो.

म्हणून पिलांसाठी निराळी पेटी हवी. वीस लिटरांची पुरते. परंतु खरी तयारी काचेची नसून पाण्याची असते. पुष्कळ जण पिले जन्मल्यावर घाईने नवी पेटी आणून नळाचे पाणी भरतात. ते पाणी स्वच्छ दिसते, तरी त्यातील क्लोरीन पिलांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवल्यास तो बहुतांशी उडून जातो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया हे विष तयार होते. काही उपकारक जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण नव्या पेटीत हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. मादी गाभण आहे हे लक्षात येताच एक स्पंजाचा गाळक मोठ्या पेटीत चालू ठेवावा आणि पुढे तोच, न धुता, पिलांच्या पेटीत लावावा. साध्या स्पंजात पिले ओढली जात नाहीत, हा आणखी एक लाभ. निम्मे पाणीही मोठ्या पेटीतलेच घ्यावे.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील घरात ही पेटी ठेवायची असेल, तर हिवाळ्याचा विचार आधी करावा. तेथे थंडीच्या रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो आणि लहान पेटीतील पाणी लवकर गारठते. पिलांना २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. त्यामुळे लहान हीटर आवश्यक ठरतो.

प्रसूती होताच मादीला परत मोठ्या पेटीत सोडावे. पिलांना बारीक कुटलेले कोरडे खाद्य दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीहूनही कमी द्यावे. उकडलेल्या अंड्याचा बलक काही जण देतात, पण तो पाणी फार लवकर नासवतो. तळाचा गाळ बारीक नळीने काढून एक-दोन दिवसांआड दशांश पाणी बदलावे.

पिले वाढली की संख्या आवरत नाही. नेपियर टाउनच्या भंवरताल उद्यानाच्या नावातही ‘ताल’ आहे, इतके हे शहर तलावांचे! मात्र जादा गप्पी अशा तलावांत किंवा नर्मदेत सोडू नयेत. ते स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतात. ओळखीच्यांना द्यावेत अथवा विक्रेत्याकडे द्यावेत. चार-पाच आठवड्यांत नराच्या पोटाखालचा पर निमुळता होऊ लागतो. त्याच वेळी नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात, कारण माद्या दोन-तीन महिन्यांच्या वयातच प्रसवू शकतात.